बिल्डर सोसायटी ताब्यात देत नाही, मेन्टेनन्स मात्र मागतो आणि हिशेब दाखवत नाही. काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की चार इमारतींपैकी तीन इमारतींत लोक राहायला आलेत, पण "चौथी पूर्ण झाली की सोसायटी करू" असं बिल्डर सांगतोय. ऑफिसातला एक माणूस आणि मर्जीतले दोन-तीन फ्लॅटधारक घेऊन त्याने एक 'कमिटी' नेमली आहे. पझेशनच्या वेळी दोन वर्षांचा मेन्टेनन्स आगाऊ घेतला होता, तो संपला म्हणून आता पुन्हा मागतोय आणि हिशेब विचारला की कोणी उत्तर देत नाही. मी पुण्याजवळ मोशीला अशाच प्रकल्पात राहते. आमच्या इमारतीची सोसायटी नोंदवताना मी मुख्य प्रवर्तक (नोंदणीचं काम पुढे नेण्यासाठी खरेदीदारांनी निवडलेली व्यक्ती) होते, पुढे सचिव झाले. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. चौथ्या इमारतीची वाट बघायची काहीही गरज नाही. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या केंद्रीय कायद्याखालचे महाराष्ट्राचे २०१७ चे नियम आहेत, त्यातला नियम ९ काढून वाचा. लेआउटमध्ये अनेक इमारती असल्या तरी प्रत्येक इमारतीची किंवा विंगची सोसायटी वेगळी होऊ शकते. त्या इमारतीतले ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांच्या आत सोसायटी नोंदणीचा अर्ज करणं हे बिल्डरचं काम आहे. पझेशन नव्हे, बुकिंग. शेवटच्या इमारतीच्या भोगवटा दाखल्याची (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) अट आहे ती सगळ्या सोसायट्यांच्या वरच्या शिखर संस्थेसाठी, म्हणजे आपण ज्याला फेडरेशन म्हणतो त्यासाठी. बिल्डर या दोन गोष्टी एकत्र करून सांगतो आणि लोक वर्षानुवर्षं थांबतात. आमच्याकडे सुशिक्षित, चांगल्या नोकऱ्यांतली माणसंसुद्धा "सगळा प्रकल्प झाल्याशिवाय होत नाही हो" असंच धरून बसली होती.

रेरा येण्याआधीसुद्धा हे मोकळं रान नव्हतं. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात संस्था स्थापन करून देण्याची जबाबदारी बिल्डरवरच आहे, आणि १९६४ च्या नियमांत त्यासाठी चार महिन्यांची मुदत आहे.

बिल्डर इतका चिकटून का बसतो, हे समजून घ्या, म्हणजे पुढचं भांडण कशासाठी करायचं ते नीट ठरवता येईल. मेन्टेनन्सचे पैसे हे एक कारण आहे, पण माझ्या मते ते लहान कारण. खरं कारण जमीन. सोसायटी झाली की ती कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी नावावर करून देणारा दस्त, मागणार. जमीन सोसायटीच्या किंवा फेडरेशनच्या नावावर गेली की त्या प्लॉटवरचा वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण), टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क), पुढचं बांधकाम हे सगळं बिल्डरच्या हातातून जातं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून बाकी बहुतेक राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि एफएसआयची गणितं बदलली. तेव्हापासून रिकाम्या कोपऱ्यांकडे बघण्याची बिल्डरांची नजरही बदलली. आमच्याकडे ब्रोशरमध्ये जिथे मुलांचं खेळाचं मैदान होतं तिथे आणखी एक इमारत येणार, हे आम्हाला महारेराच्या (रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावरचा सुधारित नकाशा उघडल्यावर कळलं. रेराचं कलम १४ अशा वेळी उपयोगी पडतं. मंजूर लेआउटमध्ये किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर बिल्डर सोडून उरलेल्या खरेदीदारांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची आगाऊ लेखी संमती लागते. "तुम्ही करारातच सही केलीय" असं तो म्हणेल. पण नेमका कोणता बदल होणार हे न सांगता आधीच घेऊन ठेवलेली सरसकट संमती चालत नाही, असं मोफा कायद्याखालच्या मधुविहार सोसायटीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय.

आता त्या 'कमिटी'बद्दल. तिला कायद्यात काहीही स्थान नाही. ती निवडून आलेली नाही, तिची नोंदणी नाही, तिच्या नावाने बँक खातं नाही. तिने काढलेले नियम, दंड, भाडेकरूंवरच्या अटी ही फक्त बिल्डरच्या लेटरहेडवरची सूचना आहे. पण तिच्यातल्या फ्लॅटधारकांशी वैर धरू नका, हे मी कळकळीने सांगते. त्यातल्या बऱ्याच जणांना खरंच वाटत असतं की आपण मध्ये राहिलो तर लिफ्ट चालू राहील, टँकर येत राहील. आमच्याकडच्या अशाच एका काकांनी पुढे सगळ्यात जास्त सह्या गोळा केल्या, कारण घराघरांत त्यांची ओळख होती.

मेन्टेनन्स देणं एकदम बंद करू नका. हा सल्ला लोकांना आवडत नाही, आमच्या मीटिंगमध्ये यावरून आरडाओरडा झाला होता. पण रेराच्या कलम १९ मध्ये मेन्टेनन्स भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे, उशीर झाला तर व्याजही आहे. आणि पैसे बंद झाले की पहिला फटका टँकरला बसतो. मग तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? पैसे भरा, पण चेकने किंवा ऑनलाइन, आणि सोबत ईमेल पाठवा की ही रक्कम हरकत राखून देत आहोत, खर्चाचा तपशील आणि बिलं द्यावीत. प्रत्येक घराने वेगळा ईमेल पाठवायचा. पुढे सुनावणीत याचा फार उपयोग होतो.

हिशेब मागताना मोफाच्या कलम ५ चा उल्लेख करा. संस्था स्थापनेसाठी आणि देखभालीसाठी घेतलेले पैसे बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात आणि त्या पैशांचा तो फक्त विश्वस्त असतो, मालक नाही. तुमच्या पझेशन लेटरला जोडलेला पैशांचा तक्ता काढा. त्यात 'सोसायटी फॉर्मेशन', 'लीगल चार्जेस', 'कॉर्पस' (राखीव निधी), 'आगाऊ मेन्टेनन्स' असे रकाने असतील. प्रत्येक रकान्याची रक्कम गुणिले फ्लॅटची संख्या करून बघा. आमच्या इमारतीचा तो आकडा कागदावर मांडून लिफ्टच्या दारावर लावला, त्या संध्याकाळी आतापर्यंत कधीही न आलेली माणसं मीटिंगला आली. न विकलेल्या फ्लॅटचा वाटा कोण भरतंय, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी कोणीच भरत नसतं, म्हणजे तो खर्च तुमच्यातच वाटला जात असतो.

जीएसटीचा मुद्दा तर लोकांच्या लक्षातच येत नाही. नोंदणीकृत सोसायटी सभासदाकडून दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत मेन्टेनन्स घेत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. बिल्डर किंवा त्याची फॅसिलिटी कंपनी बिल पाठवते तेव्हा ही सूट मिळत नाही, १८ टक्के लागतात. समजा ९५० चौरस फुटांचा फ्लॅट आणि चार रुपये दर, तर ३,८०० च्या बिलावर ६८४ रुपये कर. सोसायटी नसल्यामुळे प्रत्येक घर दर महिन्याला ही रक्कम जास्तीची भरतंय. शेजाऱ्यांना कायद्याची कलमं सांगून कंटाळा येतो, हा एक आकडा मात्र पटकन पोचतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासाच. तुमच्या करारनाम्यात 'सहकारी गृहनिर्माण संस्था' लिहिलंय की 'अपार्टमेंट कंडोमिनियम'? पुण्यात दुसरा प्रकार खूप आढळतो. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली बिल्डर डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारा दस्त) करतो आणि मतं फ्लॅटच्या सामाईक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर मोजली जातात. त्यामुळे त्याच्याकडे पडून असलेले फ्लॅट मतदानात वजनदार ठरतात. सहकारी संस्थेत तसं नाही. तिथे एका सभासदाला एकच मत. बिल्डरकडे चाळीस फ्लॅट न विकलेले असोत की चार, त्याचं मत एकच, आणि त्या फ्लॅटचा मेन्टेनन्सही त्याने भरायचा. खाली लिहितेय ते सहकारी संस्थेबद्दल आहे. डिक्लेरेशन आधीच झालं असेल तर वकिलाला ते दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

बिल्डर स्वतःहून करत नसेल तर 'विकासकाच्या असहकार्याने' सोसायटी नोंदवता येते. उपनिबंधक सहकारी संस्था यांच्या कार्यालयात हा रुळलेला मार्ग आहे, तिथे कोणी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघणार नाही. आधी बिल्डरला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या. मग इमारतीतल्या खरेदीदारांची सभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडा, ठराव लिहा, नाव आरक्षित करून घ्या, बँकेत प्रस्तावित संस्थेच्या नावे खातं उघडा. प्रत्येकाकडून ५०० रुपये भाग भांडवल आणि १०० रुपये प्रवेश फी. ५१ टक्के फ्लॅटधारक सामील हवेत, त्यांचे करारनामे आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा) लागतात. उपनिबंधक बिल्डरला सुनावणीला बोलावतात. तो तारखा मागेल, वकील पाठवेल, "आम्ही करतोच आहोत" म्हणेल. तिथेच तुमच्या जुन्या नोटिसा आणि ईमेल कामाला येतात.

खरं अवघड काम आहे ते ५१ टक्क्यांचं. आमच्याकडे बरेच फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले, मालक कोणी नाशिकला, कोणी दुबईत. त्यांना फोन करून, व्हॉट्सअ‍ॅपवर कागद मागवून, कुरियरने सह्या आणून जमवाजमव करावी लागली. काहींना पार्किंगची भीती घातलेली होती: सही केलीत तर तुमचं कव्हर्ड पार्किंग रद्द होईल. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑगस्ट २०१० चा नहालचंद लालूचंद खटल्याचा निकाल दाखवावा लागला. इमारतीखालचं खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग हा सामाईक भाग आहे, बिल्डरला तो वेगळा विकताच येत नाही, असं त्यात म्हटलंय. काहींना फ्लॅट विकायचा होता आणि बिल्डरची एनओसी हवी होती, त्यासाठी तो मोठी रक्कम मागत होता. त्यांना सांगितलं की महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट विकताना घेतली जाणारी फी) म्हणून जास्तीत जास्त २५,००० रुपयेच घेता येतात. ते लगेच आले. आणि रेराच्या कलम १९ मध्येच असंही आहे की संघटना स्थापन करण्यात भाग घेणं हे खरेदीदाराचं कर्तव्य आहे. 'मला यात पडायचं नाही' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हे शांतपणे वाचून दाखवा.

एक भांडण पुढे येणार आहे, त्याची कल्पना आत्ताच द्या. बिल्डर चौरस फुटावर आकारतो. सोसायटीच्या उपविधीत (नियमावलीत) मात्र सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, मग वन बीएचके असो की थ्री. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा निधी) बांधकाम खर्चावर, वर्षाला अनुक्रमे किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के. छोट्या फ्लॅटवाल्यांना हे नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यांचा राग बिल्डरऐवजी तुमच्यावर निघतो.

नोंदणी झाली की पहिली सर्वसाधारण सभा तीन महिन्यांत व्हायला हवी. त्यानंतर ताबा घेताना कागद नीट घ्या: मंजूर नकाशे, भोगवटा दाखला, लिफ्टचा परवाना, अग्निशमनचा दाखला, एसटीपी (सांडपाणी प्रकल्प) आणि पंपांच्या वॉरंटी, एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार, कॉमन मीटरचं महावितरणचं खातं. इमारतीच्या स्ट्रक्चरमधला दोष पझेशनपासून पाच वर्षांत दाखवून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो, म्हणून ओल, तडे, गळती यांचे तारखेसह फोटो आजपासूनच ठेवा. पाच वर्षांतली दोन तुमची गेलीच आहेत. पाण्याचंही बघा. आपल्याकडच्या वाढत्या भागांत महापालिका बांधकामाला परवानगी देताना बिल्डरकडून पाण्याबद्दल हमीपत्र घेते. त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. टँकरचा खर्च तुमच्या माथी मारता येतो की नाही, याचं उत्तर त्या कागदात असू शकतं.

भोगवटा दाखलाच मिळाला नसेल तर प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. त्यासाठी समृद्धी सोसायटीच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा ११ जानेवारी २०२२ चा निकाल वाचा. तिथल्या रहिवाशांना दाखल्याअभावी २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. दाखला न देणं ही सतत चालू राहणारी चूक आहे, त्यामुळे मुदत संपली म्हणून तक्रार फेटाळता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

महारेराकडे जायचं की उपनिबंधकाकडे, असंही तुम्ही विचारलंय. सोसायटी नोंदवायची तर आधी उपनिबंधक. हिशेब, बदललेला नकाशा, अर्धवट क्लबहाऊस यासाठी महारेरा, तिथे तक्रारीची फी ५,००० रुपये आहे आणि सलोखा मंचातही आधी बसता येतं. कन्व्हेयन्स अडवली तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय मिळणारी कन्व्हेयन्स) अर्ज. पण या बहुतेक दारांत सोसायटीच्या शिक्क्यानिशी उभं राहिलात तर तुमचं म्हणणं एका घराचं राहत नाही. म्हणून या रविवारी फक्त तुमच्या एका इमारतीची सभा बोलवा, बाकी तीन इमारतींसाठी थांबू नका. आणि करारनाम्यातलं 'संस्था स्थापना' हे कलम खाली कमेंटमध्ये टाका, नावं झाकून. बघून सांगते.