वाचक विचारतात : व्हिडिओचं संगीत

प्रश्न : चार मिनिटांच्या माहितीपटासाठी म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वसंगीत लिहिलं आहे. ३७व्या सेकंदाला दार उघडतं, तिथे झांज हवी. टेम्पो १२० आहे. झांज दाराच्या कधी आधी पडते, कधी नंतर. अंदाजाने टेम्पो बदलून कंटाळलो.

उत्तर : अंदाज सोडा, हिशेब करा. सेकंद गुणिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा, म्हणजेच टेम्पो), भागिले ६० : तेवढ्या वेळात इतक्या मात्रा होतात. ३७ × १२० ÷ ६० = ७४. चार मात्रांचे १८ बार (स्वरलिपीतले उभ्या रेघांमधले खण) म्हणजे ७२ मात्रा. वर दोन उरल्या. म्हणजे तुमचं दार उघडतं एकोणिसाव्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर, आणि तुम्ही झांज शोधताय समेवर, म्हणजे बारच्या पहिल्या मात्रेवर.

दोन वाटा आहेत. ७२ मात्रा ३७ सेकंदांत बसवायच्या असतील, तर ७२ × ६० ÷ ३७ = ११६.७६. टेम्पो दशांशासकट लिहा. नुसतं ११७ केलंत तर सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत झांज दोन फ्रेम आधी वाजेल. तेवढं फारसं खटकत नाही, पण पुढच्या प्रत्येक जागी असा फरक साचत गेला की खटकतं. दुसरी वाट आम्हाला जास्त आवडते : टेम्पो १२०च ठेवा आणि मध्ये कुठेतरी, जिथे चालीचं एखादं वाक्य संपतं तिथे, दोन मात्रांचा एक बार घाला. दाराच्या अगदी तोंडावर मात्र घालू नका, ठेच लागल्यासारखी वाटते.

फर्माटा (स्वर लांबवायची खूण) किंवा हळूहळू उतरणारी लय दाराच्या आधी असेल तर हा हिशेब तिथेच मोडतो. या दोन्ही गोष्टी झांजेनंतर ठेवा, आणि त्या संपल्या की टेम्पोची खूण नव्याने लिहा. आणखी एक : झांजेच्या जागी व्हायोलिनचा ताफा असेल, तर स्वर कागदावर समेवर असूनही उशिरा आल्यासारखा वाटतो, कारण त्याचा आवाज फुलायला वेळ लागतो. त्याच मात्रेवर पियानोचा किंवा पिझ्झिकाटोचा (तार बोटाने छेडून काढलेला) एक स्वर जोडा. शेवटी संगीताची फाइल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झवर निर्यात करा.

प्रश्न : एका ट्रॅकवर ‘रॉयल्टी-फ्री, सीसी बाय-एनडी’ असं लिहिलंय. मी त्यात काडीचाही बदल करणार नाही, जसाच्या तसा व्हिडिओखाली लावणार. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, आणि इथे भलेभले फसतात. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, निर्मात्याने आधीच देऊन ठेवलेला वापराचा परवाना; बाय म्हणजे श्रेय द्या; एनडी म्हणजे फेरफार करून प्रसिद्ध करायला मनाई. या परवान्यात संगीत हलत्या चित्राशी वेळेनुसार जुळवणं हाच फेरफार धरलेला आहे, मग तुम्ही एक सेकंदही कापलेला नसो. एसए (शेअर-अलाइक) असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. ग्राहकाचं काम असेल तर त्याला हे आधी सांगा. एनसी (व्यावसायिक वापराला मनाई) असलेला ट्रॅक जाहिरातीत नको. नुसतं बाय असेल तर ट्रॅकचं नाव, संगीतकार, दुवा आणि परवान्याचं नाव वर्णनात लिहा. ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दावर जाऊ नका. त्याचा अर्थ दर वापरामागे पैसे नाहीत, एवढाच. ट्रॅक फुकट आहे किंवा त्यावर कोणाचा हक्क नाही, असं त्यातून निघत नाही.

प्रश्न : परवाना विकत घेतलेला ट्रॅक, तरी यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा आला. चॅनेल बंद पडेल का?

उत्तर : दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर लागणारा ठपका, नव्हे. यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते, तुमची पावती तिला दिसत नाही. कित्येकदा दोन संगीतकारांनी एकच तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तुकडा) वापरलेला असतो आणि एकाने आपला ट्रॅक त्या यंत्रणेत नोंदवलेला असतो. परवाना आहे असं कारण देऊन हरकत नोंदवा, परवान्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. परवान्याची पीडीएफ डाउनलोडच्या दिवशीच प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. वर्षभराने ते पान जागेवर असेलच असं नाही.

प्रश्न : ट्रॅक २ मिनिटे ४० सेकंदांचा, व्हिडिओ १ मिनिट १० सेकंदांचा. शेवटी फेड केलं, म्हणजे आवाज हळूहळू उतरवला, की अर्धवट वाटतं.

उत्तर : कारण शेवट तुम्ही फेकून दिला. ट्रॅकच्या दोन प्रती टाइमलाइनवर घ्या. दुसरीचा शेवटचा स्वर व्हिडिओच्या शेवटाशी लावा, पहिली सुरुवातीपासून वाजू द्या, आणि जोड मध्ये बारच्या पहिल्या ठोक्यावर करा. दोन्हीकडचे ठोके जुळत नसतील तर दुसरी प्रत पुढेमागे सरकवा. शेवटी थोडी शांतता उरली तर बिघडत नाही. जोडावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज उतरता, दुसरा चढता) पुरतो. जोड निवेदकाच्या वाक्याखाली लपवलीत तर कोणाला कळतही नाही.