इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषणाची जागा कोणती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंग्रजी क्रियापद पुष्कळदा एका शब्दात संपत नाही. ‘शी हॅज लेफ्ट’ या वाक्यात ‘हॅज’ हे साहाय्यकारी क्रियापद आहे आणि ‘लेफ्ट’ हे मुख्य. या दोहोंमध्ये ‘ऑलरेडी’ घालावे की ते बाहेर ठेवावे, अशी विचारणा करणारी पत्रे इतक्या सातत्याने येत आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : ‘ही ऑलवेज इज लेट’ बरोबर की ‘ही इज ऑलवेज लेट’? (इयत्ता नववीची विद्यार्थिनी, सांगली)

दुसरे.

प्रश्न : ‘द बिल्स शुड हॅव बीन चेक्ड’ अशी ओळीने चार क्रियापदे आली, तर क्रियाविशेषण कितव्या जागी लिहावे? आमच्या क्लासच्या नोट्समध्ये ‘नेहमी पहिल्या क्रियापदानंतर’ असे छापले आहे. (लेखा विभागातील कर्मचारी, पुणे)

नोट्समधला ‘नेहमी’ हा शब्द तेवढा खोडून टाका. काळ, वारंवारता किंवा शक्यता सांगणारी ‘ऑलरेडी’, ‘ऑफन’, ‘प्रॉबेब्ली’ यांसारखी क्रियाविशेषणे बहुधा पहिल्या साहाय्यकारी क्रियापदानंतर येतात : ‘शुड ऑलरेडी हॅव बीन चेक्ड’. ‘शुड हॅव ऑलरेडी बीन चेक्ड’ हेही सर्रास लिहिले जाते आणि त्यात काही चूक नाही. मात्र काम कसे केले हे सांगणारे क्रियाविशेषण त्या कामाच्या क्रियापदाला चिकटून राहते : ‘शुड हॅव बीन केअरफुली चेक्ड’. काळजीपूर्वक व्हायची ती तपासणी, म्हणून ‘केअरफुली’ ‘चेक्ड’च्या शेजारी. शंका आली, तर विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशातील उदाहरणवाक्ये पाहावीत; क्लासच्या नोट्स नव्हेत.

प्रश्न : मी परिपत्रकाच्या मसुद्यात ‘यू आर रिक्वेस्टेड टु काइंडली सबमिट’ असे लिहिले होते. वरिष्ठांनी ‘काइंडली’ कापून ‘यू आर काइंडली रिक्वेस्टेड टु सबमिट’ असे केले आणि ‘क्रियापद कधीही तोडायचे नसते’ अशी ताकीद दिली. यापुढे ‘हॅव’ आणि ‘विल’ यांच्यानंतरही काही घालू नये, असे ते म्हणतात. (लिपिक, नाशिक)

या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायलाच हवे, कारण या ऐकीव नियमाने बिघडलेली वाक्ये मी रोज वाचतो. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालण्यावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आक्षेप घेतले गेले. कॅंटरबरीचे डीन, म्हणजे तेथील मुख्य चर्चचे प्रमुख, हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये घेतलेला आक्षेप त्यांपैकी प्रसिद्ध आहे. या आक्षेपाच्या समर्थनार्थ पुष्कळदा लॅटिनचा दाखला दिला जातो. परंतु लॅटिनमध्ये ‘टु गो’सारखे रूप एकाच शब्दाचे असल्यामुळे तोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि इंग्रजीत ते मुळातच दोन शब्दांचे आहे. हा दंडक आज जाणकार संपादक पाळत नाहीत. त्याहून वाईट असे की तोच दंडक पुढे ताणून ‘हॅव डन’, ‘विल गो’ यांनाही लावला जातो. तेथे तर मधली जागा हीच क्रियाविशेषणाची अगदी स्वाभाविक जागा आहे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये लिहिली गेली. राष्ट्राध्यक्षांच्या शपथेत तिने ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’ असे शब्द घातले, म्हणजे ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्यामध्ये ‘फेथफुली’. २० जानेवारी २००९ रोजी शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडून ‘फेथफुली’ हा शब्द वाक्याच्या शेवटी गेला, बराक ओबामा क्षणभर थांबले आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये खबरदारी म्हणून शपथ पुन्हा देण्यात आली. एका क्रियाविशेषणाच्या जागेकडे इतक्या गांभीर्याने पाहिले गेले, आणि ती जागा दोन क्रियापदांच्या मधलीच होती.

आपल्या मराठीतही क्रियापदाचे दोन घटक असे सुटे होतातच. ‘काम झाले तर आहे, पण सही राहिली आहे,’ असे आपण सहज म्हणतो. ‘झाले’ आणि ‘आहे’ यांच्यामधील ‘तर’ कोणाला खटकत नाही.

आता तुमच्या परिपत्रकाविषयी. दुरुस्तीने अर्थ बदलला आहे. तुमच्या वाक्यात कृपा करायची ती माहिती सादर करणाऱ्याने. वरिष्ठांच्या वाक्यात कार्यालयच कृपापूर्वक विनंती करीत आहे. ‘प्लीज सबमिट’ इतके लिहिले तरी पुरेसे आहे. तथापि सही वरिष्ठांची असणार. म्हणून दोन्ही वाक्ये एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांच्याशी बोलूनच परिपत्रक पाठवा.

प्रश्न : ‘आय डेली रीड द न्यूजपेपर’ असे मी म्हणाले, तेव्हा मुलीने मला दुरुस्त केले. (गृहिणी, बेळगाव)

मुलीचे बरोबर आहे. ‘मी रोज पेपर वाचते’ या मराठी वाक्यात ‘रोज’ जेथे आहे, तेथेच ‘डेली’ बसवल्यामुळे ही चूक होते. ‘डेली’ आणि ‘येस्टरडे’ कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये सहसा बसत नाहीत, बहुधा वाक्याच्या शेवटी बसतात : ‘आय रीड द न्यूजपेपर डेली’, किंवा अधिक सहज ‘एव्हरी डे’. मात्र ‘आय रीड डेली द न्यूजपेपर’ असेही करू नका, कारण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे साधे, छोटे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा येत नाही.

प्रश्न : ‘आय रिअली डोन्ट नो’ आणि ‘आय डोन्ट रिअली नो’ यांत फरक आहे का? (अभियंता, दुबई)

आहे. पहिल्याचा अर्थ ‘मला खरेच माहीत नाही’. दुसऱ्याचा बहुधा ‘मला नीटसे माहीत नाही’. ‘नॉट’ ज्याच्या आधी येते, त्याचा नकार होतो. ‘प्रॉबेब्ली’ मात्र नकाराच्या आधी ठेवा : ‘ही प्रॉबेब्ली वोन्ट कम’. ग्राहकाला लेखी उत्तर देताना कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे प्रकल्पप्रमुखांना आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : माझा प्रबंध चार दिवसांनी सादर करायचा आहे. व्याकरण तपासणाऱ्या ॲपने ‘हॅज ऑल्सो बीन’ अशा सुमारे दोनशे ठिकाणी खुणा केल्या आहेत आणि पैसे भरल्यास सर्व दुरुस्त्या एकदम करून देऊ, असे ते सुचवते. पैसे भरू का? (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

भरू नका. ‘हॅज ऑल्सो बीन’ यात चूकच नाही, आणि ज्यात चूक नाही ते दुरुस्त करून देण्याचे पैसे घेणे हा निव्वळ व्यापार आहे. एका फटक्यात दोनशे बदल स्वीकारले, तर पाच वर्षांच्या कामातील अर्थ कोठे कोठे सरकला, हे चार दिवसांत तुम्हाला कळणारही नाही. हा प्रश्न सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. आता निष्कर्षांचे एक प्रकरण तेवढे छापून आजच मार्गदर्शकांकडे न्या आणि त्यांच्या संमतीशिवाय एकही शब्द हलवू नका.

प्रश्न : भाडेकरारात ‘द टेनंट मे ओन्ली पार्क टू-व्हीलर्स इन द कंपाउंड’ असे आहे. माझी दुचाकी रस्त्यावर लावता येईल का? (भाडेकरू, ठाणे)

या वाक्यातून दोन अर्थ निघतात : आवारात दुचाकीच लावावी, चारचाकी नव्हे, किंवा दुचाकी आवारातच लावावी, अन्यत्र नव्हे. बोलताना आवाजाच्या जोराने अर्थ स्पष्ट होतो. कागदावर तशी सोय नाही. म्हणून करारात ‘ओन्ली’ ज्या शब्दाला लागू करायचे, त्याच्या अगदी शेजारी लिहावे : ‘ओन्ली टू-व्हीलर्स’ किंवा ‘ओन्ली इन द कंपाउंड’. तुमच्या करारात कोणता अर्थ धरला जाईल, हे व्याकरणाच्या आधारे मी सांगणे योग्य होणार नाही. कराराची प्रत घेऊन वकिलांकडे जा, आणि नूतनीकरणाच्या वेळी हे वाक्य बदलून घ्या.