ढासळत्या घरातली शिकवणी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मोठ्या नावाचं जुनं घर, एकुलता एक मुलगा, तिथेच राहून त्याला शिकवायचं, पगार बरा. पण मिळकत आटत चालली आहे आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, असंही तू लिहिलंयस. जाऊ का, असं विचारतोस. जा. मात्र निघण्याआधी रेजिनाल्ड जॉन्स्टन या माणसाची हकीकत ऐकून घे. तुझ्या कामाचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

जॉन्स्टन स्कॉटलंडचा. जन्म 1874 चा. 1898 मध्ये हाँगकाँगला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत लागला, पुढे वेइहाइवेइ या किनाऱ्यावरच्या मुलखात अधिकारी झाला. चिनी भाषा उत्तम, कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुळातून वाचलेले, बौद्ध मठांतून मनसोक्त हिंडलेला. 1919 मध्ये बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, म्हणजे चिनी सम्राटांच्या राजवाड्यात, तो चीनचा शेवटचा सम्राट पू-यी याचा इंग्रजीचा शिक्षक म्हणून दाखल झाला. पू-यी तेव्हा तेरा वर्षांचा होता. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत तो गादीवर बसला होता आणि सहाव्या वर्षी, 1912 मध्ये, त्याच्या नावाने राज्यत्यागाचा हुकूम निघाला होता. प्रजासत्ताकाशी झालेल्या करारानुसार त्याची पदवी कायम राहिली, वर्षाला 40 लाख टेल (चांदी तोलायचं चिनी माप) चांदीच्या तनख्याचं वचन मिळालं आणि तात्पुरतं राजवाड्यात राहण्याची परवानगीही. तनखा पुरता क्वचितच हाती पडे. 1917 मध्ये चांग शून या सेनापतीने त्याला पुन्हा सम्राट म्हणून जाहीर केलं, तो कारभार बारा दिवसांत आटोपला. भिंतीबाहेर राज्य उरलं नव्हतं, आत मात्र लोटांगणं, पिवळ्या पालख्या आणि शेकडो खोजे तसेच होते.

आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीरावांना एलियट आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांना फ्रेझर हे इंग्रज शिक्षक लाभले. पण त्या दोन्ही शिष्यांपुढे चालवायला खरीखुरी संस्थानं होती. जॉन्स्टनच्या शिष्यापुढे काय होतं? हा प्रश्न तुझ्या खिशात ठेव.

धडे यू-छिंग महालात चालत. सोबत एखादा चिनी शिक्षक बसलेला असे आणि खोजा उभा. पू-यीची चूक झाली की बोलणी खायची त्याच्या सोबत्याने, कारण सम्राटाला रागवायचं कसं? असा मुलगा तुझ्याही वाट्याला येईल, ज्याला घरात कुणी ‘नाही’ म्हटलेलं नसतं. पू-यी त्या वयात खोज्यांना फटके मारायला लावायचा. त्या मुलाला दुष्ट ठरवायची घाई करू नकोस. त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक मोठ्या माणसाचं पोट त्याच्या मोठेपणावर चाललं होतं, मग त्याला सरळ बोलणार कोण?

जॉन्स्टनचं सगळ्यात चांगलं काम मला वाटतं ते चष्म्याचं. त्याच्या ध्यानात आलं की वेळ बघायला पू-यी टेबलावरच्या छोट्या घड्याळाकडे न पाहता लांबच्या मोठ्या घड्याळाकडे मान वळवतो. मुलाच्या नजरेत काहीतरी दोष आहे, हे इतक्या वर्षांत एकाही माणसाने पाहिलं नव्हतं. जॉन्स्टनने परदेशी डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायचा आग्रह धरला. राजमातेच्या मानाच्या त्वान-कांग बाईंनी ठाम नकार दिला. जॉन्स्टनने नोकरी सोडण्याची धमकी दिली, तेव्हा 1921 मध्ये तपासणी झाली आणि मुलाला चष्मा मिळाला. तुझ्यावरही अशी वेळ येईल, कदाचित डोळ्यांवरून, कदाचित झोपेवरून, कदाचित त्याला रात्री छळणाऱ्या एखाद्या भीतीवरून. त्या वेळी नोकरी पणाला लावायची तयारी हवी. बाकीच्या शंभर गोष्टींत नमतं घे, हिच्यात घेऊ नकोस.

दुसरं चांगलं काम म्हणजे त्याने मुलाला घरातली चोरी सांगितली. राजवाड्याच्या उत्तरेला, दी-आन-मनच्या रस्त्यावर, जुन्या वस्तूंची नवी नवी दुकानं निघत होती आणि त्यातली काही खोज्यांची आणि कारभाऱ्यांची होती. राजवाड्याचा सगळा खर्च ज्या खात्यातून चाले, ते खातंच या घराचं रक्त पितं आहे, असं जॉन्स्टनचं स्पष्ट मत होतं. पू-यीने कोठारांची मोजदाद करायला घेतली आणि 1923 च्या जूनमध्ये ज्या महालात हा साठा होता, त्याला रात्री आग लागली. खात्याने नंतर दिलेल्या यादीत साडेसहा हजारांवर वस्तू गेल्याचं दाखवलं होतं. जुलैमध्ये पू-यीने बहुतेक खोज्यांना बाहेर काढलं. त्याच काळात तो स्वतःही भाऊ पू-च्ये याच्या हातून दुर्मीळ चित्रं आणि ग्रंथ बाहेर धाडत होता. बुडत्या घराची ही लक्षणं ओळखायला शीक. प्रत्येकजण आपापलं काहीतरी बाहेर नेत असतो, आणि मुलगा सगळं पाहत असतो.

आता जॉन्स्टनच्या दुसऱ्या बाजूविषयी. मला हा माणूस फार प्रिय आहे, पण इथे मी त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

त्याने मुलाला चहाच्या टेबलाचे रिवाज शिकवले, सूट शिवून घ्यायला शिंपी आणला, इंग्लंडच्या राजांची नावं समोर ठेवली, त्यातून पू-यीने स्वतःला हेन्री म्हणवून घेतलं. सायकल आली आणि तिच्यासाठी उंबरे कापले गेले, टेलिफोन आला, शेंडी गेली. खिडक्या उघडल्या हे खरं. पण त्या खिडकीतून मुलाला दिसलं ते दुसऱ्या एका राजवाड्याचं चित्र. सम्राट राहायचं, फक्त इंग्रजी पद्धतीचा, एवढीच त्याची समजूत झाली. जॉन्स्टन स्वतः त्या दरबारावर मनापासून प्रेम करत होता. अव्वल दर्जाच्या अधिकाऱ्याचा मान मिळाला, सेबलच्या फरचा अंगरखा मिळाला, राजवाड्यात पालखीतून फिरायची परवानगी मिळाली, आणि हे सगळं त्याला मोलाचं वाटत होतं. पू-यीने उन्हाळी राजवाड्यात राहायला जावं, खर्च आटोक्यात आणावा, हा त्याचा सल्ला शहाणपणाचा होता. तरी त्या सल्ल्यात मुलगा राजवाड्यातच राहायचा, फक्त राजवाडा बदलायचा.

म्हणून 5 नोव्हेंबर 1924 ला फंग यू-शियांग या सेनापतीच्या सैनिकांनी काही तासांची मुदत देऊन पू-यीला बाहेर काढलं, तेव्हा अठरा वर्षांच्या त्या तरुणाला सम्राट असण्यापलीकडे काहीच येत नव्हतं. जॉन्स्टन धावला, दारावर अडवला गेला, मग त्याने परदेशी राजदूतांना गाठलं आणि त्यांनी परराष्ट्र खात्यात जाऊन त्याच्या शिष्याच्या जिवाची हमी मागितली. 29 नोव्हेंबरला पू-यी वकिलातींच्या भागात पळाला, तेव्हाही बरोबर जॉन्स्टन होता आणि आसरा त्याने मिळवला तो जपानी वकिलातीत. त्या दिवसापुरता तो निर्णय समजण्यासारखा आहे. पुढे 1932 मध्ये जपान्यांनी पू-यीला मांचुकुओचा, म्हणजे मांचुरियात त्यांनी उभारलेल्या बाहुल्या राज्याचा, प्रमुख केला, 1934 मध्ये सम्राट, आणि त्याच्या नावाखाली मांचुरियातल्या लोकांचे जे हाल झाले ते उघड आहेत. जॉन्स्टन 1935 मध्ये त्याला भेटून आला आणि स्कॉटलंडमधल्या आपल्या बेटावर मांचुकुओचा झेंडा लावून राहिला. 1938 मध्ये तो वारला. त्याची निष्ठा खोटी नव्हती. ती गादीवर होती आणि मुलावरही होती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला कधी दिसलं नाही.

1950 नंतर युद्धगुन्हेगार म्हणून फूशुनच्या तुरुंगात असताना, चाळिशी उलटल्यावर, पू-यी बुटाच्या नाड्या बांधायला आणि अंथरूण घालायला शिकला. सुटल्यावर बीजिंगच्या वनस्पती उद्यानात त्याने काम केलं. बागेत रोपं लावायला त्याला तेराव्या वर्षीही कुणी हरकत घेतली नसती, पण तसं कुणाला सुचलं नाही.

तुझ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकव, गणित शिकव, पण आठवड्यातला एक दिवस त्याला घराबाहेर ने. बसने फिरव. पोस्टात, बँकेत स्वतःचं काम स्वतः करू दे. मंडईत भाव करू दे. स्वयंपाकघरात भात लावायला शिकव, घरच्यांना ते कमीपणाचं वाटलं तरी. हे काम नेमणुकीच्या अटींत आधीच लिहून घे, कारण नंतर मागितलंस तर मिळणार नाही. घरातल्या भेटवस्तू, पगाराबाहेरचे मान, पाहुण्यांपुढचं कौतुक नम्रपणे नाकार. आणि घराची खरी स्थिती त्या मुलाला एक दिवस कळायला हवी. ती आईवडिलांनी सांगावी म्हणून त्यांच्या मागे लाग, ते टाळत राहिले तर त्यांना सांगून मग तू सांग. अटींचा मसुदा तयार झाला की मला पाठव, सही करण्याआधी एकदा वाचतो.

तुझे,
सर