सर्ज ब्लँकोला रग्बीत एवढा ग्रेट का मानतात, वर्ल्डकप तर एकही जिंकला नाही ना?

नाही जिंकला, खरंय. १९८७ ची पहिलीवहिली वर्ल्डकप फायनल फ्रान्स न्यूझीलंडकडून २९-९ हरला, आणि १९९१ ला तो कॅप्टन असताना इंग्लंडने पॅरिसमध्येच क्वार्टर फायनलला १९-१० ने घरी बसवलं, ती त्याची फ्रान्सकडून शेवटची मॅच. आकडेच हवे असतील तर ९३ टेस्ट (म्हणजे देशाकडून खेळलेल्या मॅच), ३८ ट्राय (म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवणं), १९८१ आणि १९८७ चे ग्रँड स्लॅम (म्हणजे युरोपातल्या फाइव्ह नेशन्स स्पर्धेतल्या सगळ्या मॅच जिंकणं). ३८ ट्रायचा फ्रेंच रेकॉर्ड तर थेट २०२५ मध्ये डामियाँ पेनोने गाठला.

पण आकडे राहू द्या, तो फुलबॅक होता हे आधी लक्षात घ्या. फुलबॅक म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा शेवटचा माणूस, बॉल आला की झेलायचा, लांब किक मारून बाहेर घालवायचा, की सगळ्यांचा जीव भांड्यात. हा गडी तिथूनच बॉल घेऊन पळत सुटायचा, स्वतःच्या गोललाइनजवळून सुद्धा. कधी अंगाशी यायचं, तरी पुढच्या वेळी परत तेच!

१९९१ ची ट्विकनहॅमची मॅच घ्या, इंग्लंड आणि फ्रान्स दोघांनाही ग्रँड स्लॅमचा चान्स होता. इंग्लंडची पेनल्टी किक चुकली, बॉल फ्रान्सच्या लाइनमागे गेला, शहाणा माणूस तिथेच बॉल टेकवून मोकळा झाला असता, पण फ्रान्सच्याच बर्बिझिएने तो ब्लँकोला दिला आणि हा निघाला की, मग बॉल साथीदारांकडे, लाफाँ, सेला, मग कांबेराबेरो, त्याने स्वतःच पुढे किक मारून स्वतःच झेलला आणि आडवी किक टाकली, सेंट-आंद्रेने पोस्टखाली ट्राय. अख्खं मैदान पार! मॅच मात्र इंग्लंडने २१-१९ ने नेली, हेही ब्लँकोच्या नशिबाला धरूनच.

सगळ्यात फेमस अर्थात १९८७ च्या वर्ल्डकपची सेमीफायनल, सिडनीत, समोर ऑस्ट्रेलिया. २४-२४, शेवटचे क्षण, बॉल इकडून तिकडे किती हातांतून फिरला, आणि डाव्या कोपऱ्यात ब्लँकोने ऑस्ट्रेलियाचा लॉटन अंगावर येत असताना झेप घेऊन टेकवला. कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) धरून ३०-२४.

आणि हे सगळं हौशी जमान्यात हां, रग्बीत अधिकृतपणे पैसा आला १९९५ ला. जन्म व्हेनेझुएलात काराकासचा, आई बास्क, वाढला बियारित्झला, आणि आपल्याला राफेलमुळे माहीत असलेल्या दासोच्या कारखान्यात कामाला होता. क्लब एकच, बियारित्झ. फ्रेंच क्लब चॅम्पियनशिपची ढाल, म्हणजे तिथली ट्रॉफी, कधीच मिळाली नाही, १९९२ ची फायनल, म्हणजे करिअरचा शेवट, तुलाँकडून १९-१४ हरला. बियारित्झने ती जिंकली २००२ ला, तोवर ब्लँको फ्रेंच लीगचा अध्यक्ष होऊन बसला होता.

यूट्यूबवर दोन्ही ट्राय सापडतील. मी तर म्हणेन ट्विकनहॅमचा आधी बघा.