विलासराव देशमुख खरंच अर्ध्या मताने हरले होते का? मत अर्धं कसं असू शकतं? आणि त्यांची निवडणुकीतली कारकीर्द एकूण कशी होती?

हो, हरले होते. 1996 ची विधान परिषदेची निवडणूक, आमदारांनी मत द्यायची. अर्धं मत ही पारावरची अतिशयोक्ती नाही, तो मोजणीच्या कागदावरचा हिशेब आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मत अर्धं कसं होतं, आणि विलासरावांची एकूण निवडणुकीतली कारकीर्द कशी होती. मी लातूरचा. शाळेत वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि मास्तरकी म्हटली की इलेक्शन ड्युटी आलीच. त्यामुळे दोन्हींचं उत्तर देतो, पण अर्ध्या मताकडे जायचं तर 1995 वरून जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. विलासराव बाभळगावचे, म्हणजे लातूर शहराला लागूनच असलेल्या गावचे. जन्म 26 मे 1945. घर देशमुखांचं, वडील दगडोजीराव. शिक्षण पुण्यात, गरवारे कॉलेज आणि नंतर आयएलएस लॉ कॉलेज. वकील होऊन पुण्यात राहता आलं असतं, पण गावी परतले आणि 1974 च्या सुमारास बाभळगावचे सरपंच झाले. पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद, युवक काँग्रेस. तेव्हाची जिल्हा परिषद उस्मानाबादची बरं का. लातूर जिल्हा ऑगस्ट 1982 मध्ये वेगळा झाला. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं.

लातूरची विधानसभेची जागा त्याआधी शिवराज पाटील चाकूरकरांकडे होती. चाकूरकर 1980 ला लोकसभेत गेले आणि त्याच वर्षी विलासराव पहिल्यांदा आमदार झाले. 1985 ला पुन्हा, 1990 ला पुन्हा. 1982 पासून मंत्रिपदं. मांजरा साखर कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती ऊस, उसाभोवती सोसायट्या आणि बँक, असं सगळं जाळं विणलं गेलं. लातूरमध्ये विलासराव पडू शकतात हे 1994 साली कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं.

1995 ला ते पडले. जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर निवडून आले, फरक सुमारे 35 हजारांचा.

त्या मोजणीला मी मोजणी सहायक होतो. मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका. पेट्या टेबलावर उलट्या केल्या की घड्या घातलेल्या कागदांचा ढीग पडायचा. एकेक घडी उघडायची, शिक्का कुठल्या चिन्हासमोर आहे ते बघायचं आणि त्या त्या खणात टाकायचं. जांभळ्या शाईचा फुलीचा शिक्का. कुणी तो दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर मारलेला असायचा, मग ती मतपत्रिका वर निवडणूक अधिकाऱ्याकडे. दोन-अडीच तासांत चक्राच्या खणातले गठ्ठे पंजापेक्षा उंच दिसायला लागले. टेबलापलीकडे जाळीच्या मागे काँग्रेसचे प्रतिनिधी बसले होते, त्यांचं बोलणं हळूहळू बंद झालं. आकडे लिहिणारा माझा सोबती पेन्सिल थांबवून एकदा माझ्याकडं बघत राहिला, बस एवढंच. संध्याकाळी गंजगोलाईत गुलाल इतका होता की जगदंबेच्या देवळाच्या पायऱ्या लाल दिसत होत्या.

का पडले? बरेच जण सांगतात की राज्यात युतीची लाट होती. लाट होतीच, काँग्रेस 141 वरून 80 वर आली आणि मनोहर जोशींचं सरकार आलं. पण लातूरला ना धनुष्यबाण निवडून आला, ना कमळ. निवडून आलं जनता दलाचं चक्र, आणि त्या निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्रात जनता दलाच्या जागा होत्या फक्त 11. म्हणजे लातूरकरांनी लाटेबरोबर जाऊन मत दिलं नाही, स्वतः ठरवून दिलं. काही जण हा पराभव किल्लारीच्या भूकंपाशी जोडतात, तेही मला पटत नाही. किल्लारी औसा तालुक्यात, लातूर मतदारसंघाबाहेर. माझं मत साधं आहे. पंधरा वर्षं एकच माणूस, शिवाय मंत्री, त्यामुळे मुक्काम मुंबईत. गावात काम अडलं की माणूस थेट त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, मधल्या माणसांपर्यंत पोचत होता. मधल्या माणसांवरचा राग विलासरावांच्या चिन्हावर निघाला. मी ज्या गावात नोकरीला होतो तिथल्या पारावर निवडणुकीच्या आधी हेच बोलणं चालायचं.

आता अर्धं मत. विधानसभेत पडल्यावर विलासरावांना विधान परिषदेवर जायचं होतं. 1996 ला काँग्रेसने उमेदवारी दिली नाही, म्हणून ते बंड करून अपक्ष उभे राहिले, शिवसेनेच्या मदतीवर. आणि अर्ध्या मताने हरले.

इथे मोजणी आपल्या नेहमीच्या निवडणुकीसारखी नसते. एकाहून जास्त जागा एकत्र भरायच्या असतात. आमदार शिक्का मारत नाही, उमेदवारांच्या नावापुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. मोजताना प्रत्येक मतपत्रिकेची किंमत 100 धरतात. निवडून यायला किती लागतात तो कोटा आधी काढतात: सगळ्या वैध मतांची एकूण किंमत भागिले जागांपेक्षा एक जास्त, आणि उत्तरात एक मिळवायचा.

1996 चा पूर्ण तक्ता इथे मांडत बसत नाही, त्याऐवजी सगळ्यांना आठवणारं उदाहरण घेतो. जून 2022 ची राज्यसभेची निवडणूक. पद्धत तीच. महाराष्ट्रातून 6 जागा, 7 उमेदवार, वैध मतं 284. किंमत झाली 28,400. 6 जागांपेक्षा एक जास्त म्हणजे 7 ने भागलं तर 4,057 आणि वर थोडं. अपूर्णांक सोडून एक मिळवला की कोटा 4,058. भाजपच्या पीयूष गोयल यांना पहिल्या पसंतीची 48 मतं, म्हणजे 4,800. कोट्यापेक्षा 742 जास्त. हे जास्तीचे 742 वाया जात नाहीत. त्या 48 मतपत्रिकांवर दुसरी पसंती कुणाला आहे ते बघून पुढे सरकवले जातात. 742 भागिले 48, येतात 15, अपूर्णांक सोडून द्यायचा. म्हणजे गोयल यांना मत देणाऱ्या प्रत्येक आमदाराची मतपत्रिका पुढच्या उमेदवाराकडे गेली ती 15 ची किंमत घेऊन. 100 म्हणजे एक मत, तर 15 म्हणजे एका मताच्या सातव्या भागाच्या आसपास. सगळ्या 48 जणांनी दुसरी पसंती एकालाच दिली असेल, तर त्याला 720 मिळाले, म्हणजे 7 मतं आणि वर 20 पैसे म्हणा. भाजपच्याच अनिल बोंडे यांनाही 48 च होती, त्यांच्याकडूनही तसंच. भाजपचे तिसरे उमेदवार धनंजय महाडिक यांना पहिल्या पसंतीची फक्त 27 मतं होती आणि शिवसेनेच्या संजय पवारांना 33. तरीही निवडून आले महाडिक, ते या सरकलेल्या किमतीवर.

आता अर्धं मत म्हणजे काय ते दिसलं असेल. शेवटच्या जागेसाठी दोघांमध्ये 50 चा फरक राहिला की त्याला अर्धं मत म्हणायचं. मतदान आमदारांचं असलं तरी विधान परिषदेचं मत गुप्त असतं, आजही. राज्यसभेला 2003 पासून पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते, परिषदेला तसं नाही. म्हणून परिषदेच्या मोजणीत बऱ्याच वेळा कुणाची ना कुणाची मतं फुटतात आणि कुणी फोडली ते कळत नाही. जून 2022 मध्ये राज्यसभेनंतर दहाच दिवसांनी परिषदेची मोजणी झाली, त्यात काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे असेच पडले.

मला या सगळ्यात खरी विचार करण्यासारखी गोष्ट वाटते ती ही: विलासराव 1996 ला जिंकले असते तर? तर ते काँग्रेसविरुद्ध बंड करून, शिवसेनेच्या मदतीने परिषदेत गेलेले आमदार झाले असते. तो शिक्का घेऊन तीन वर्षांनी काँग्रेसने त्यांना मुख्यमंत्री केलं असतं, असं मला वाटत नाही. हरले म्हणून परत काँग्रेसमध्ये आले, आणि परत आले ते गावोगाव फिरत. त्या मधल्या काळात मी त्यांना दोनदा जवळून पाहिलं. एकदा एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. पूर्वी मंत्री आले की मागे गाड्यांची रांग असायची. त्या दिवशी ते एकाच गाडीतून आले, पंगतीत बसले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला त्याच्या नातवाचं नाव घेऊन विचारलं की तो आता कितवीत आहे. म्हातारा जेवायचा थांबला होता. माणसांची नावं लक्षात ठेवायची त्यांची ताकद लातूरला सगळ्यांना माहीत आहे, पण त्या काळात ती फार कामाला आली.

1999 ला शरद पवारांनी वेगळा पक्ष काढला, काँग्रेस फुटली. विलासराव काँग्रेसमध्येच राहिले. लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. ज्या लातूरने त्यांना 35 हजारांनी पाडलं होतं, त्याच लातूरने सुमारे 90 हजारांनी निवडून दिलं. चार-साडेचार वर्षांत सव्वा लाखाचा फरक फिरला. मी त्यानंतर कितीतरी निवडणुका जवळून पाहिल्या, असं एका मतदारसंघात एकाच माणसासाठी पुन्हा झालेलं पाहिलं नाही.

निकाल त्रिशंकू होता: काँग्रेस 75, शिवसेना 69, राष्ट्रवादी 58, भाजप 56. दोन्ही काँग्रेसना एकत्र यावं लागलं आणि 18 ऑक्टोबर 1999 ला विलासराव मुख्यमंत्री झाले. शंकरराव चव्हाण आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्यानंतर मराठवाड्यातून आलेले तिसरे. सरपंच ते मुख्यमंत्री हे शब्द आमच्याकडं तेव्हापासून रुळले. जून 2002 मध्ये सरकार पडायला आलं, आमदारांना बंगळुरूला नेऊन ठेवावं लागलं, शेवटी 143 विरुद्ध 133 असा विश्वासदर्शक ठराव जिंकला. जानेवारी 2003 मध्ये पक्षाने त्यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आणले. 2004 ला ते लातूरमधून पुन्हा निवडून आले आणि 1 नोव्हेंबर 2004 ला पुन्हा मुख्यमंत्री. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर मुलगा आणि एका चित्रपट दिग्दर्शकाला घेऊन ताज हॉटेल बघायला गेले, त्यावर देशभर संताप झाला आणि डिसेंबर 2008 मध्ये पद गेलं. ती चूक होती, आणि लातूरच्या माणसानेही ती चूकच म्हणायला हवी. विदर्भातल्या सावकारीच्या एका प्रकरणात मुख्यमंत्री म्हणून पोलिसांच्या कामात हस्तक्षेप केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये राज्य सरकारला 10 लाखांचा दंड केला होता, हेही त्यांच्या कारकिर्दीत लिहावं लागतं. पुढे राज्यसभा आणि केंद्रात मंत्रिपदं. 14 ऑगस्ट 2012 ला चेन्नईत गेले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन. आम्ही शाळेत झेंडावंदन केलं आणि मुलांना सोडून सरळ बाभळगावला गेलो, रस्ता माणसांनी भरला होता.

म्हणजे विधानसभा सहा वेळा लढवली, पाच वेळा जिंकली, एकदा हरले. आणि परिषदेचं ते अर्धं मत वेगळं.

पुढचंही विचाराल म्हणून सांगतो. 2009 ला मतदारसंघ लातूर शहर आणि लातूर ग्रामीण असा विभागला. शहरातून त्यांचा मुलगा अमित देशमुख तेव्हापासून निवडून येतायत. ग्रामीणमधून 2019 ला धाकटा मुलगा धीरज देशमुख सव्वा लाखाच्या आसपास फरकाने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, नोटा होता, 27 हजारांहून जास्त मतं. पाच वर्षांनी, 2024 ला, धीरज भाजपच्या रमेश कराडांकडून साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरले आणि शहरात अमित सात हजारांच्या वर राहून कसेबसे वाचले. 1995 ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं फार नवल वाटलं नाही.

अर्ध्या मताचा हिशेब मी दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडायचो. एकदा बाभळगावच्याच एका मुलीने विचारलं, सर, मग ते अर्धं मत नेमकं कुणाचं होतं? मी तिला सांगितलं की ते एकाचं नव्हतंच. कुणाचे पंधरा, कुणाचे वीस, असे कितीतरी मतपत्रिकांचे तुकडे मिळून ते 50 झाले असतील. त्यातल्या प्रत्येक आमदाराने फक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्या पसंतीचा आकडा एका नावाऐवजी दुसऱ्या नावापुढे लिहिला होता. मतदान गुप्त, त्यामुळे ती माणसं कोण हे विलासरावांनाही कधी कळलं नसणार. तिने वहीत 50 लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पुढचं गणित घातलं का म्हणून विचारलं.