पहिली लस तुला, मग त्यांना

भटक्या कुत्र्या-मांजरांचं काम सुरू करतोयस ना, मग आधी स्वतः डॉक्टरकडे जाऊन रेबीजची प्री-एक्स्पोजर, म्हणजे चावण्याआधीच घ्यायची, लस घे. ती घेतली असली तरी चावलं किंवा ओरखडलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, पुढचे डोस लागतातच, उद्या बघू वगैरे चालणार नाही कारण एकदा लक्षणं दिसायला लागली की रेबीजमधून जवळपास कुणीच वाचत नाही.

आणि प्राण्यांना घरातल्या गोळ्या अजिबात नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाची नि किडनीची वाट लावतं, तरी लोक "ताप असेल" म्हणून देतातच! केस गळालेलं, खाजवून बेजार झालेलं कुत्रं दिसलं तर फोटो काढून व्हेटला दाखव, वजनाचा अंदाज सांग, डोस त्यावरच ठरतो.

कानाला खाच किंवा टोक कापलेलं असेल तर बहुतेक नसबंदी झालेली असते, परत पकडायला जाऊ नकोस. प्यायला साधं पाणी ठेव, रोज बदल, दूध नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात.