21,000 रुपयांची तपासणी मेंबरशिप घ्यावी का?

प्रश्न: माझं वय 63, पत्नीचं 58. दारव्हा तालुक्यात सहा एकर आहे, कापूस आणि तूर. दोन वर्षांपासून त्यातलं चार एकर ठेक्यानं देतो. मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत एका कंपनीचे लोक आले होते. दोघांची पाच वर्षांची मेंबरशिप, एकरकमी 21,000, दरवर्षी माणशी 85 तपासण्या, वरून टॅक्सही वाचतो म्हणाले. तालुक्याच्या लॅबवाल्यानं नेहमीच्या तपासण्यांचे माणशी 1,100 सांगितले. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, निम्मे पैसे देतो म्हणतो. पोरगा म्हणते घेऊन टाका, बायको म्हणते कायले लागते. तूर विकली की दहा-अकरा हजार मोकळे होतील, पण कंपनीवाला याच आठवड्यात भरा म्हणतो. 1,80,000 ची एफडी आहे, ती मोडू का? पत्नीचं बीपी दोन वर्षांखाली शिबिरात वाढलेलं निघालं होतं. महिनाभर गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या. मला दिवसाला दोन खर्रे लागतात, 25 चा एक. पुतणीला सिकलसेल आहे, बाकी घरात काही नाही.

उत्तर: काकाजी, एफडी मोडू नका आणि मेंबरशिपही घेऊ नका. तपासण्या मात्र दोघांच्याही करा, आणि तुरीची वाट न पाहता करा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ 21,000 ची नाही, काकूंच्या बीपीची आहे. ती तपासणी फुकटात झाली, बरोबर निघाली, गोळ्याही मिळाल्या, आणि महिनाभरात सगळं थांबलं. बीपीच्या गोळीनं बरं वाटतं ते गोळी चालू असेपर्यंत. बंद केली की आकडा पुन्हा वर जातो आणि बहुतेकांना काही जाणवतही नाही. माती परीक्षणाची पत्रिका कपाटात ठेवून युरिया तेवढाच टाकावा, तसं झालं हे. घरात एक रिपोर्ट आधीच पडून असताना आणखी दहा रिपोर्टांचे पैसे आगाऊ भरायचे, याला मी गुंतवणूक म्हणणार नाही. पैसा लागतो तो रिपोर्ट आल्यानंतरच्या बारा महिन्यांसाठी. गोळ्या, एसटीचं तिकीट, डॉक्टरांची फी, तीन महिन्यांनी फेरतपासणी. मेंबरशिपमध्ये यातलं एकही येत नाही.

आता 85 चा हिशोब. सीबीसी ही एकच तपासणी, एकाच नळीतलं रक्त. पण हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं सुटं सुटं मोजलं की तिच्याच वीसेक होतात. लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल यांचंही तसंच. आकडा फुगतो, रक्त तेवढंच राहतं. शिवाय जास्त तपासण्यांचा एक तोटा असतो, तो विकणारा सांगत नाही. बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी आखलेली असते की शंभरातल्या पाच निरोगी माणसांचाही आकडा तिच्या बाहेर पडतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टातही एखादा लाल आकडा निघण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास जाते. मग यवतमाळ, तिथून नागपूर, एक सोनोग्राफी, दोन दिवसांची मजुरी. कॅन्सरचे म्हणून जे ‘मार्कर’ अशा पॅकेजात घालतात, त्यातले बरेचसे काही त्रास नसलेल्या माणसात कॅन्सर हुडकायला नसतातच.

तुमच्या वयाला लागणारी यादी छोटी आहे. मी डॉक्टर नाही, ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून पक्की करून घ्या. साधारणपणे सीबीसी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रोटीन, एवढ्यात बरंच कळतं. काकूंचं बीपी वाढलेलं होतं, म्हणून त्यांच्या किडनीच्या दोन तपासण्या, म्हणजे क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, चुकवू नका. थायरॉइड एकदा करून नॉर्मल आलं आणि त्रास नसेल, तर ते दरवर्षी करायचं कारण नाही. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास, आणि त्यात पहाटेचा गुळाचा चहाही बसत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे चहाला कोणी खाण्यात धरत नाही.

सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते पैशाच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे. पॅकेजवाले एचबीए1सी या तपासणीवर फार जोर देतात, तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणून. एरवी ती चांगली आहे. पण सिकलसेलच्या रुग्णात तिचा भरवसा धरता येत नाही, आणि नुसता वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून तो मुलांना देऊ शकणारा, असला तरी काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. रक्त कमी असेल तरीही ती फसवते. पुतणीला आजार आहे म्हणजे तिचे आईवडील दोघंही निदान वाहक असणार, आणि तुमचा भाऊ वाहक असेल तर तुम्हीही असू शकता. आधी सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या, आपल्या भागात ती मोफत होते. डॉक्टरांना घरातली गोष्ट सांगा, शुगर कशी मोजायची ते तेच ठरवतील.

बाकीच्या तपासण्यांनाही 1,100 लागतीलच असं नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशीवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे, गावातल्या आशाताईंना विचारा. तिथं रांग असते, एखाद्या दिवशी रक्त घेणारा माणूस नसतो, हे मलाही माहीत आहे. त्या दिवशी लॅबचे 1,100 द्या, कुरकुर करू नका. ते पैसे वाया जात नाहीत.

टॅक्सचं सांगायचं तर शेतीच्या उत्पन्नावर तुम्हाला आयकरच नाही, वाचणार काय? तुमचा मुलगा जुन्या करप्रणालीत असेल, तरच त्याला स्वतःच्या घरची आणि आईवडिलांची प्रतिबंधक तपासणी मिळून वर्षाला 5,000 पर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत तीही नाही.

खर्च मी असा धरतो. दोघांची तपासणी 2,200. घरी ठेवायला दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र 2,000 च्या आसपास. येणं-जाणं आणि डॉक्टरांची फी 2,500. काकूंना एसटीत अर्धं तिकीट आहेच, तुम्हाला ते 65 व्या वर्षापासून. गोळ्यांसाठी 3,500, आणि आरोग्य केंद्रातून किंवा जनऔषधीतून घेतल्या तर त्यातलेही उरतील. बेरीज 10,200. म्हणजे तुरीच्या पैशात वर्ष निघतं. आज हाती नसतील तर पहिली तपासणी मोफतवाली करा, यंत्र तूर विकल्यावर घ्या. दुसऱ्या वर्षी यंत्राचे पैसे लागणारच नाहीत.

खर्ऱ्याचं बोलायला मला संकोच वाटतो, पण हिशोब तुम्हीच लिहून पाठवलाय. दिवसाला 50, वर्षाला 18,250. पाच वर्षांच्या मेंबरशिपला जेवढे लागतात, जवळपास तेवढे तुम्ही दर वर्षी पन्नीत घोटून घेताय. आणि त्या 85 तपासण्यांपैकी एकही तुमचं तोंड पाहणार नाही. सुपारी-तंबाखूनं गालाची कातडी आवळत चालली आहे का, पांढरा-लाल चट्टा आहे का, हे बॅटरीच्या उजेडात दिसतं, रक्तात नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर शुगरच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. दोन्ही खर्रे एकदम सुटणं कठीण आहे, 1800-11-2356 या तंबाखूमुक्तीच्या मोफत नंबरवर मदत मिळते. एक सुटला तरी महिन्याला 750 उरतात. पोस्टात पाच वर्षांची आरडी काढा, नुसती मुद्दलच 45,000 होते.

चार एकर ठेक्यानं दिल्यापासून तुमचं चालणं कमी झालं असेल, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला असेल. बहुतेकांचं असंच होतं. याला पैसे लागत नाहीत म्हणून मी त्यावर फार लिहीत नाही. उरलेल्या दोन एकरांत पायी जा, आणि काकूंचं लोणचं-पापड कमी करा.

मोठ्या आजाराची तजवीज वेगळी. महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे, पण ते ठरलेल्या आजारांसाठी भरती झाल्यावर, नेहमीच्या रक्त तपासणीला नाही. कार्ड काढलं नसेल तर या महिन्यात काढा. खासगी विमा घ्यायचाच असेल तर काकूंचं बीपी अर्जात लिहा. आधीच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते, लपवलं तर दावाच फेटाळू शकते.

मुलाला नाही म्हणू नका. त्याच्या 10,500 चे महिन्याला 875 होतात. ते त्यानं काकूंच्या बँक खात्यावर टाकावेत, फक्त दवाखान्यासाठी, आणि दर महिन्याला फोनवर बीपीचे आकडे विचारावेत. कंपनीचा माणूस पुन्हा आला तर त्याला विचारा की दुसऱ्या वर्षी कोणी रक्त घ्यायला आलं नाही तर पैसे किती दिवसांत परत मिळतील आणि हे कुठं लिहिलंय. लेखी देत असेल तर तो कागद मला पाठवा.